वाफेचा कॉक लावा

"'कोठीचं दार सुरू करा,'" तौफिकनं मोठ्यानं वाचलं आणि खुर्ची मागे ढकलून तो हसायला लागला. "आणि खाली गिऱ्हाईक विचारतंय, दार कसं सुरू करायचं, किल्ली मारून का धक्का देऊन?"

आम्ही सगळे त्याच्या टेबलाभोवती जमलो. शनिवार होता, अर्ध्या दिवसाचं ऑफिस, त्यामुळे हसायला माणसं तयारच होती. निरोप जयसिंगपूरच्या एका शीतगृहवाल्याचा होता. तौफिक पुढे शोधत गेला तसा त्याला आणखी खजिना सापडत गेला. 'बेअरिंगला ग्रीस सुरू करा.' 'पेटीला कुलूप सुरू करा.' 'भाजल्यास मलम सुरू करा.' मलमावर तर आमच्या हिशेबाच्या बाई डोळे पुसायला लागल्या.

कोल्हापुरात, उद्यमनगरात, एका वर्कशॉपच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. 'पाटी' हे आमच्या सेवेचं नाव. यंत्रं बनवणाऱ्या कारखानदारांनी आपापल्या यंत्रांची माहितीपुस्तकं पाटीवर चढवायची आणि ती यंत्रं घेणाऱ्यांनी फोनवर नाहीतर संगणकावर उघडून वाचायची, असा साधा व्यवहार. तौफिक शिकलगार प्रोग्रॅम लिहायचा. मी, त्रिशला मगदूम, 'नवीन काय' नावाचं पान लिहायचे. पाटीत काही नवीन आलं, काही दुरुस्त झालं, की ते गिऱ्हाइकाला कळेल अशा मराठीत सांगायचं, एवढंच माझं काम. या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली असतील.

त्या गुरुवारी संध्याकाळी पाटीची नवी आवृत्ती गेली होती. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी शब्द सापडायला लागला. छापताना जोडाक्षरं फुटायची, ती फुटायची थांबली. रेंज नसलेल्या गावातल्या लोकांसाठी पुस्तक फोनात साठवून ठेवायची सोय झाली. आणि चौथी सोय म्हणजे आमच्या मालकांचा, दादांचा, जीव की प्राण असलेली 'एकशब्द'. एक कारखानदार लिहितो 'चालू करा', दुसरा 'ऑन करा', तिसरा 'स्टार्ट करा'. हे असं गबाळं दिसू नये म्हणून सगळीकडे एकच शब्द आपोआप बसावा, 'सुरू करा'.

"पण 'लावा' कुणी घातलं त्या यादीत?" मी विचारलं.

"दादांनीच," तौफिक म्हणाला. "बैठकीत म्हणाले न्हवं का, आमची आई 'टीव्ही लाव' म्हणती, ते पण घाल. तूही होतीस की."

होते. सगळेच होतो. आपण दिवा लावतो आणि दारही लावतो. दिवा लावला की सुरू होतो, दार लावलं की बंद होतं, आणि मलम लावलं की नुसतं लागतं. जन्मल्यापासून हे सगळं बोलत आलेली आम्ही माणसं, म्हणून तर बैठकीत एकालाही ते खटकलं नाही. कुणी परप्रांतातला मराठी शिकत असता तर त्यानं पहिल्या दिवशीच विचारलं असतं.

मी माझ्या टेबलावर जाऊन, कुठं कुठं शब्द बदललाय ते बघायला लागले. दार, कुलूप, ग्रीस, पट्टा, झाकण. वाचलं की कळतंच, काहीतरी गंडलंय. मग मेथे यांच्या काजू बॉयलरचं पुस्तक आलं. काजूच्या बिया मोठ्या भांड्यात भरून वाफवायच्या असतात, ती वाफ बाजूच्या बॉयलरमधून नळीनं येते आणि नळीवर वाफ चालू-बंद करायचा कॉक असतो. पुस्तकात लिहिलं होतं, 'झाकण उघडण्याआधी वाफेचा कॉक सुरू करा.'

"तौफिक," मी म्हणाले, "हे ऐक." आणि वाचून दाखवलं.

"बरं मग?" तो म्हणाला. "यात काय गंमत आहे?"

"काही नाही. तेच म्हणतेय मी."

तो उठून आला. त्यानं ते वाक्य वाचलं, मग आधीच्या आवृत्तीतलं काढून शेजारी ठेवलं. 'झाकण उघडण्याआधी वाफेचा कॉक लावा.' लावा म्हणजे बंद करा. बंद करायचा कॉक आम्ही उघडायला सांगितला होता आणि वर झाकण काढायला सांगितलं होतं. तौफिकचं हसू मावळलं. तो जागेवर गेला आणि त्यानं 'एकशब्द' बंद केली. दुपार होईपर्यंत सगळी पुस्तकं पहिल्यासारखी झाली होती.

मालक दुपारी आले. अजितसिंह सरनोबत, सगळे त्यांना दादा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पुण्यातली चांगली नोकरी सोडून गावात ऑफिस काढलं, आमच्यासारख्यांना इथंच काम दिलं. तौफिकनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आता दुरुस्त आहे?"

"आहे," तौफिक म्हणाला.

"मग झालं. त्रिशला, 'नवीन काय'मध्ये लिही, किरकोळ सुधारणा केल्या आहेत."

"दादा, वाफेची गोष्ट किरकोळ कशी?"

"पान दुरुस्त झालंय ना?"

"पाटीवरचं झालंय. लोकांच्या फोनात साठवलेलं नाही झालं."

"नेट मिळालं की ते आपोआप ताजं होतं."

"आणि नेट नाही म्हणून तर त्यांनी साठवलंय," मी म्हणाले. "चंदगड, आजरा तिकडचीच माणसं मागत होती ना ही सोय? त्यांच्या फोनात आत्ता काय दिसत असेल?"

दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते असं करायचे तेव्हा मोठं काहीतरी ऐकायची तयारी ठेवायला लागायची.

"सोमवारी मेथे त्यांच्या संघटनेच्या लोकांना घेऊन इथं येणार आहेत. सगळ्या कारखानदारांची पुस्तकं आपल्याकडं येणार, सही व्हायची आहे. तू आज पाटीच्या पहिल्या पानावर लिहिणार, आम्ही मेथ्यांच्या बॉयलरचं उलटं छापलं होतं. मग सोमवारी कोण येईल? हे ऑफिस चाललं नाही तर तुझं काय, तौफिकचं काय? त्याचं तर आत्ताच लग्न ठरलंय."

तौफिक खाली बघत होता.

"मग निदान ज्यांच्याकडं ते बॉयलर आहेत त्यांना फोन तरी करू," मी म्हणाले.

"कर की. नको कोण म्हणतंय?"

"कुणाकुणाकडं आहेत ते आपल्याला कुठं माहीत आहे? किती फोनांत पुस्तक साठवलंय एवढा आकडा दिसतो, माणसं दिसत नाहीत. गिऱ्हाइकं मेथ्यांना माहीत. त्यांना सांगितल्याशिवाय एकही फोन करता येत नाही."

ज्या माणसापासून लपवायचं त्यालाच आधी सांगायचं, असं ते त्रांगडं होतं. मी तिथून हलले नाही. आमची आई म्हणायची, त्रिशलाला उंबऱ्यातनं उठवायचं तर उंबराच काढावा लागेल. त्या दिवशी मी तशीच उभी राहिले आणि मला त्यात जराही लाज वाटली नाही.

"बरं," शेवटी दादा म्हणाले. "मेथ्यांना तोंडी सांग. जपून सांग. पण लेखी काही नको. पाटीवर एक अक्षर चढवायचं नाही, माझ्या परवानगीशिवाय. चढवलंस तर सोमवारी येऊ नकोस. हे मी रागानं बोलत नाही."

रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. रागाला मी भीत नाही.

बापूसाहेब मेथे यांना मी जपूनबिपून काही सांगितलं नाही, सरळ सांगितलं. पलीकडं लेथ मशीन चालू होतं, ते त्यांनी आधी बंद करवलं.

"कॉक लावा म्हंजे बंद करा," ते म्हणाले. "शेंबड्या पोराला कळतंय. तुमच्या कॉम्प्युटरला कळत न्हाई?"

"नाही कळलं, बापूसाहेब."

"आणि तुमास्नी?"

"आम्हालाही नाही."

मग त्यांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ऐकवून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतला, ही त्यांची मोठी गोष्ट. संध्याकाळी त्यांचा फोन आला. सगळ्यांशी बोलणं झालं होतं, एक सोडून. चंदगडच्या पुढं काणेकर म्हणून एकांचा काजूचा कारखाना होता. काणेकर लग्नाला बेळगावला गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. कारखान्यातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर मेथ्यांकडं नव्हता.

"उद्या रविवारचं पण त्यांचं काम चालू असतंय. सीझन आहे," मेथे म्हणाले. "सकाळी जीप काढतो मी."

"मीही येते."

"तू येऊन काय करनार?"

"ते तिथं गेल्यावर बघू," मी म्हणाले. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

घरी जाऊन पाटी उघडली तर 'नवीन काय'च्या पानावर दादांनी स्वतःच एक ओळ चढवली होती: 'काही किरकोळ सुधारणा केल्या आहेत. धन्यवाद.' मी दुपारीच खरं काय झालं ते लिहून ठेवलं होतं. ते तसंच कच्चं पडून होतं, फक्त माझ्या खात्यात दिसणारं. त्यावर 'प्रसिद्ध करा' असं बटण होतं आणि ते दाबायचा अधिकार मला होता. दादांनी तो काढून घेतला नव्हता. विसरले असतील, किंवा माझ्यावर विश्वास असेल. दुसरं असेल या विचारानं मला जेवण गेलं नाही.

सकाळी मेथ्यांच्या जीपनं गडहिंग्लजला पोचलो. तिथं चहाला थांबलो तेव्हा बशीत चहा ओतत म्हणाले, "सरनोबतांनी काय लिहिलंय ते वाचलं मी. किरकोळ."

"मी दुसरं लिहिलंय. चढवलेलं नाही."

"माज्या बॉयलरचं नाव हाय त्यात?"

"आहे."

"नाव नको घालू. 'एका यंत्राच्या पुस्तकात' म्हन."

"बापूसाहेब, 'एका यंत्राच्या' म्हटलं तर वाचणारा म्हणेल, दुसऱ्या कुणाचं तरी असेल. तुमच्या गिऱ्हाइकाला कसं कळणार आपलंच आहे म्हणून?"

"आनि बाकीचे म्हनतील, मेथ्याच्या बॉयलरमदी खोट हाय."

"खोट बॉयलरमध्ये नाही, आमच्यात आहे. तसंच लिहिलंय मी."

त्यांनी चहा संपवला, पैसे दिले आणि जीपमध्ये जाऊन बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुजं लगीन झालंय काय गं?"

"नाही अजून."

"होऊ दे मग कळंल त्याला," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. नाव घाल म्हणाले नाहीत, नको असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

काणेकरांचा कारखाना गावाबाहेर होता. पुढं पत्र्याची मोठी शेड, मागं त्यांचं घर आणि घराला लागून ऑफिसची एक खोली. शेडमध्ये बायका ओळीनं बसून बिया फोडत होत्या. वाफवायचं भांडं थंड होतं. बॉयलरही थंड होता. ते बघून मेथ्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्याही जिवात जीव आला. वेळेत पोचलो असं वाटलं.

काणेकर ऑफिसातून बाहेर आले. बुटके, गोरे, आवाज घोगरा. रात्रीच बेळगावहून आलेले. "बापूसाहेब, तुम्ही कसं काय? फोन चार्जिंगला लावलाच नाही बघा."

मेथ्यांनी बॉयलरकडं हात केला. "आज बंद का?"

"काय सांगू. माझा जुना मिस्त्री गेला गोव्याला. म्हणून बियांच्या बायकांतली एक घेतली बॉयलरवर. रेणुका गावडे. वाचता येतं म्हणाली, पुस्तक बघून करीन म्हणाली. चार दिवस मिस्त्रीसंगट राहून बघितलंन. आणि काल सकाळी पहिल्यांदा एकटीनं करायला गेली तर कॉक चालू ठेवून झाकण काढलंन."

मेथे माझ्याकडं बघायला लागले.

"किती भाजलं?" मेथ्यांनी विचारलं.

"हातच. बाजूला उभी होती म्हणून तोंड वाचलं. डॉक्टरकडं नेलं लगेच. आता वाफेच्या कामाला तुमच्या माणसालाच बोलवतो. असल्यांच्या हातात कशाला द्यायचं? आणि वर म्हणते पुस्तकात तसंच लिहिलंय. म्हटलं दाखव."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी रात्री ऑफिसात कॉम्प्युटरवर पुस्तक काढलं. 'कॉक लावा.' स्वच्छ लिहिलंय. मग म्हटलं तुझ्या फोनात काय आहे ते घेऊन ये. घेऊन आली इथं. तिच्या फोनात पण 'लावा'च. आज सकाळी सगळ्या बायकांसमोर म्हटलं मी तिला, वाचायला येत नाही तर येतं म्हणून कशाला सांगितलंस?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेडमध्ये रेंज नव्हती. ऑफिसात वायफाय होतं. शुक्रवारी कधीतरी तिनं ऑफिसाजवळ येऊन पुस्तक फोनात साठवलं असणार, आणि शनिवारी सकाळी शेडमध्ये तिनं जे वाचलं ते आमचं उलटं वाक्य होतं. दुपारी आम्ही गुपचूप पुस्तक दुरुस्त केलं. रात्री ती फोन घेऊन ऑफिसाच्या दारात आली, फोनला नेट मिळालं आणि तिच्या हातातच ते पान आपोआप ताजं झालं. आमच्या दुरुस्तीनं तिची साक्ष पुसून टाकली होती.

"कुठं आहे ती?" मी विचारलं.

ती शेडच्या टोकाला बिया निवडत बसली होती. पस्तिशीची असेल. डावा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, उजव्या हातानंच काम चाललं होतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि कोण, कुठली ते सांगितलं.

"रेणुकाताई, काल सकाळी तुम्ही पुस्तकात काय वाचलं होतं?"

तिनं काणेकरांकडं बघितलं. ते माझ्यामागं येऊन उभे राहिले होते.

"जाऊ दे बाई आता," ती म्हणाली. "माजंच चुकलं असंल."

"पण काय वाचलं होतं?"

"'सुरू करा.' दोनदा वाचलं मी. म्हटलं असं कसं, मिस्त्री तर बंद करायचा. मग म्हटलं लिहिणाऱ्यास्नी जास्त कळतंय, आतली वाफ बाहेर सोडायची असंल." ती थांबली. "आनि रात्री बघितलं तर माज्याच फोनात 'लावा' हाय. मालकांचं बरोबर हाय. मी सातवी झालीया, पर लई वर्सं झाली. डोळं फिरलं असतील. रातभर त्योच इचार करतोय मी, की मला 'सुरू' कसं काय दिसलं."

हात भाजल्याचं ती बोललीच नाही. वाचता येतं की नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. सातवीपासून जपलेली एकच गोष्ट होती तिच्याकडं आणि ती आम्ही काढून घेतली होती.

"तुम्ही बरोबर वाचलंत," मी म्हणाले. "तेव्हा 'सुरू करा'च लिहिलेलं होतं. चूक आमची. आम्ही नंतर बदललं."

शेजारच्या बायकांचे हात थांबले.

"ओ बाई," काणेकर म्हणाले, "तुम्ही लांबून आलाय, तिला बरं वाटावं म्हणून बोलताय, ठीक आहे. पण मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. तुमच्या पाटीवर काय लिहिलंय? 'किरकोळ सुधारणा.' तेही वाचलं मी. तोंडानं काय, कुणीही काही म्हणेल."

"ती खरं सांगतीया," मेथे म्हणाले.

"बापूसाहेब, तुमचा बॉयलर. तुम्ही असंच म्हणणार."

त्यात त्यांचं काय चुकलं? जगात सगळीकडं असंच आहे. लिहिलेलं खरं, बोललेलं वाऱ्यावर. आणि तोंडी सांग, लेखी नको, असं मला सांगणारे दादा हे चांगलंच ओळखून होते.

"मला तुमच्या ऑफिसात बसू द्या," मी काणेकरांना म्हणाले.

संगणकावर मी माझं खातं उघडलं. कच्चं पान निघालं. दारात मेथे उभे होते, त्यांच्यामागं काणेकर, त्यांच्यामागं रेणुका, आणि शेडमधल्या बायका काम टाकून खिडकीशी आल्या होत्या. मी लिहिलेलं पुन्हा वाचलं. सगळं होतं त्यात: कधीपासून कधीपर्यंत, कोणता शब्द, कोणतं पुस्तक. पण हे सगळं पुस्तकाबद्दल होतं. वाचणाऱ्या माणसाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी शेवटी दोन वाक्यं घातली.

"बापूसाहेब, तुमचं नाव आहे," मी मान न वळवता म्हणाले.

"असू दे," ते म्हणाले. "दाब ते."

मी 'प्रसिद्ध करा' दाबलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. सोमवारी संघटनेची सही झाली नाही, पुढंही कधी झाली नाही. ऑफिस कसंबसं तगलं, पण तौफिकनं लग्नाचा हॉल बदलून घरासमोर मांडव घातला. दादांनी मला काढलं नाही. ते माझ्याशी किती तरी दिवस बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा एवढंच म्हणाले की यापुढं 'नवीन काय' लिहिण्याआधी मला विचारू नकोस. हे ते रागानं म्हणाले की दुसऱ्या कशानं, ते मी कधी विचारलं नाही.

पण त्या रविवारी हे काहीच माहीत नव्हतं. बटण दाबून मी उठते तोवर माझा फोन वाजायला लागला. दादा होते. पाटीवर काही चढलं की त्यांना आपोआप निरोप जायचा.

"काढ ते," ते म्हणाले.

"नाही काढणार, दादा."

"त्रिशला, मी काय सांगितलं होतं?"

"सोमवारी येऊ नकोस म्हणून. लक्षात आहे. इथं एका बाईचा हात भाजलाय, दादा. आणि तिला वाटतंय तिला वाचता येत नाही. मी नंतर बोलते." मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. मला बरं वाटत होतं. नोकरी गेली असती तरी त्या घडीला बरंच वाटलं असतं.

"रेणुकाताई, इकडं या," मी म्हणाले. "बसा इथं. वाचा."

ती खुर्चीवर बसली नाही. मालकांच्या खुर्चीवर बसायची तिला सवय नव्हती. उभ्यानंच टेबलावर वाकली. तिचे ओठ हलायला लागले.

"मोठ्यानं वाचा," मेथे म्हणाले.

तिनं घसा साफ केला. शाळेत धडा वाचायला उभं राहिल्यासारखी सरळ झाली आणि एकेक शब्द सुटा करून वाचायला लागली.

"'गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारी दुपारपर्यंत आमच्या चुकीमुळे पाटीवरच्या काही पुस्तकांत लावा हा शब्द जाऊन त्या जागी सुरू करा असं आलं होतं. मेथे यांच्या काजू बॉयलरच्या पुस्तकात, झाकण उघडण्याआधी वाफेचा कॉक लावा, म्हणजे बंद करा, असं होतं. तिथं कॉक सुरू करा असं उलटं दिसत होतं. शनिवारी दुपारी आम्ही ते दुरुस्त केलं, पण कुणाला सांगितलं नाही.'"

ती थांबली. पुढची दोन वाक्यं तिनं आधी मनात वाचली, ते दिसत होतं. पदरानं तोंड पुसलं, मग पुन्हा वाचायला लागली. आता आवाज चढला होता आणि शब्द सुटे राहिले नव्हते.

"'या काळात ज्यांनी हे पुस्तक वाचून तसं केलं, त्यांनी बरोबर वाचलं होतं. चूक लिहिणाऱ्यांची होती.'"

खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे रेणीचं बरोबर व्हतं की गं."

काणेकर खाली बघत होते. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मला काय माहीत," ते पुटपुटले. "मी आपलं जे लिहिलंय ते वाचलं."

"मी बी त्येच केलंतं, मालक," रेणुका म्हणाली.

तिनं हे भांडून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. मग ती पुन्हा पडद्याकडं वळली आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचायला लागली, आमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. आम्ही कुणी तिला थांबवलं नाही.